रोजच्या दहा ओळी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीस साहेबांचे निमंत्रण आले त्यात विषय लिहिला होता, ‘विद्यार्थ्यांना प्रेरणा’. मी त्यांना कळवले की मी येईन, बोलेनही, परंतु प्रेरणा देण्याचे काम माझ्याकडून होणार नाही. तीस-बत्तीस वर्षे मास्तरकी केल्यावर माणसाला एवढे तरी कळते की प्रेरणा ही भाषणातून देता येत नाही. भाषण संपते, चहा होतो, मुले एस. टी. पकडायला धावतात आणि प्रेरणा मांडवातच राहते. हल्ली तर प्रेरणेचा पूरच आला आहे. सकाळी मोबाइल उघडावा तो उगवत्या सूर्याचे चित्र आणि खाली कुणाचे तरी थोर वचन. आपण ते वाचतही नाही, पुढच्याकडे ढकलतो. तोही ढकलतो. गावभर फिरून तेच वचन संध्याकाळी आपल्याकडे परत येते.

तेव्हा मी आज बोलणार आहे ते एका साध्या वस्तूबद्दल. ती वस्तू म्हणजे वही. शंभर पानी, रेघा आखलेली, रोज दहा ओळी लिहिण्याची वही. तिला कुणी डायरी म्हणतात, आपल्या मराठीत तिला रोजनिशी असा जुना शब्द आहे. चिटणीस, फडणीस यांतला जो ‘नीस’ तोच हा. फारसीत नविस म्हणजे लिहिणारा. पेशव्यांच्या कचेरीत रोजनिशी ठेवली जाई आणि तिच्यातल्या निवडक नोंदी पुढे छापूनही निघाल्या. म्हणजे हा शब्द आपल्या दोन्ही घरचा आहे, याचकाचा नाही.

माझ्या घरातली पहिली वही माझी नव्हती. ती अब्बांची होती. माझे अब्बा जहाजावर टंडेल होते. रत्नागिरीकडच्या आपल्या माणसांना हे सांगावयास नको की आपल्या कित्येक घरांतली कर्ती माणसे दर्यावर असत. मुंबईला डोंगरीत गावजमातीची खोली, तिथे पेटी ठेवायची, जहाज मिळेपर्यंत थांबायचे, आणि एकदा जहाज मिळाले की वर्ष-वर्ष घरचे तोंड दिसत नसे. अब्बा चौथीपर्यंत मराठी शिकलेले. हस्ताक्षर जाडजूड, ओळ वर चढत जाणारी. जहाजावर त्यांनी एक खतावणी ठेवली होती. तिच्यात ते आपल्या माणसांच्या पाळ्यांचा आणि उसनवारीचा हिशेब ठेवीत. कुणी किती सिगारेटी घेतल्या, कुणाचे किती देणे, असे सगळे.

१९६७ च्या जूनमध्ये सुएझ कालवा बंद झाला. तो १९७५ पर्यंत बंद होता. मधल्या काळात विलायतेला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात. सफर लांबली, टपाल लांबले. मी तेव्हा अकरावीच्या, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकच्या, अलीकडच्या वर्गात होतो. अम्माला लिहिता येत नव्हते. घरात लिहिणारा मी एकटा. ती रोज विचारी, “अब्बांना चिठी लिवलीस काय रे?” आणि मी म्हणे, उद्या. उद्या मैदानावर सामना असे, परवा आणखी काही. महिन्यातून एखादे पत्र मी खरडीत असे. तेही अर्धे सलाम-दुवा आणि अर्धे मनीऑर्डर मिळाल्याची पोच.

अब्बा १९८१ मध्ये गेले. पेटी उघडली तेव्हा ती खतावणी सापडली. मी मास्तर झालो होतो, हिशेब बघून कुणाचे देणे राहिले असेल तर फेडावे, या विचाराने पाने चाळू लागलो. उसनवारीच्या रकान्यांच्या कडेला, समासात, तारखा होत्या. ‘डर्बन. पाऊस. पत्र नाही.’ ‘डाकार. ऊन फार. कासमच्या पायाला लागले. पत्र नाही.’ ‘लिव्हरपूल. थंडी. सगळ्यांची टपालाची पिशवी आली. आपले पत्र नाही.’ असे पान-पान. एका ठिकाणी मात्र, ‘पत्र आले. पोरगा पास.’ त्या तारखेला पाऊस, ऊन, बंदर काही लिहिलेले नव्हते.

मी कुणाला दोष देत नाही, दोष माझाच. परंतु त्या रात्री मला एक गोष्ट उमगली की माझा बाप, ज्याच्याशी मी समोरासमोर बसून दहा वाक्ये कधी बोललो नाही, तो रोज माझ्याशी बोलत होता. आणि ते बोलणे उरले ते केवळ त्याने समासात लिहिले म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः वही घातली. आणि पुढल्या जूनपासून माझ्या वर्गाला घालायला लावली.

आता काही पालकांच्या मनात येईल की हे साहेबी खूळ आहे. आपल्यात हे कुठे होते? म्हणून थोडे मागे जाऊ. हिशेब हा शब्द अरबी. त्याच धातूतून मुहासबा हा शब्द आला, म्हणजे स्वतःचा हिशेब स्वतः घेणे. बगदादला नवव्या शतकात हारिस नावाचे एक बुजुर्ग होऊन गेले, त्यांना लोक मुहासिबीच म्हणत, कारण ते अखंड स्वतःची झडती घेत. इमाम गझालींनी आपल्या ‘इह्या’त या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि तिथे त्यांनी दाखला दिला आहे तो व्यापाऱ्याचा. भागीदाराकडे माल सोपवलेला व्यापारी जसा त्याच्याकडून नफा-तोट्याचा तपशील मागतो तसा दिवसाअखेर आपल्या नफ्सकडे मागावा. बाजारपेठेतल्या माणसालाही लगेच कळावे असा हा दाखला आहे. आणि बगदादच्याच इब्नुल बन्ना नावाच्या एका आलिमची खाजगी रोजनिशी, इ. स. १०६८-६९ या काळातली, तुकड्याच्या रूपाने आजही शिल्लक आहे. म्हणजे साडेनऊशे वर्षांपूर्वी एक मौलवी साहेब रोज बसून आज कोण वारले, कुणी काय स्वप्न सांगितले हे लिहीत होते.

बाबर बादशहाचे नाव निघाले की आजकाल लोक बाह्या सरसावतात. मी त्या वादात पडत नाही. मला तो इथे लिहिणारा म्हणून हवा आहे. आपली हकीकत त्याने तुर्कीत, म्हणजे आपल्या मातृभाषेत लिहिली, दरबारच्या प्रतिष्ठित फारसीत नव्हे. फारसी भाषांतर पुढे नातवाच्या, अकबराच्या, काळात १५८९ साली अब्दुर्रहीम खानखानान यांनी पुरे केले. १५२९ च्या उन्हाळ्यात छावणीत मुक्काम असताना रात्री वादळ झाले, तंबू त्याच्या डोक्यावर कोसळला आणि लिहिलेले कागद चिंब भिजले. बादशहाने काय करावे? नोकरचाकर पुष्कळ होते. त्याने ते कागद गोळा करवले, घोंगड्यांत गुंडाळून वाचवले आणि मग विस्तव पेटवून उजाडेपर्यंत एकेक पान वाळवीत बसला. पुढच्या वर्षी तो वारला. राज्य आले आणि गेले, वाळवलेली पाने राहिली.

परंतु मला सगळ्यांत जवळचे वाटते ते मुंबईचे उदाहरण. बद्रुद्दीन तय्यबजी हे नाव आपल्या शिक्षणसंस्थांना परके नसावे. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांत ते होते, आणि १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कुटुंबात एक पद्धत होती. घराघरात एक जाड वही ठेवलेली असे, तिला ‘अखबार’ म्हणत. म्हणजे घरचे वर्तमानपत्र. ही वही एका कुणाची नव्हे. घरातला कोणीही, थोर असो की पोर, मुलगा असो की मुलगी, तिच्यात लिहू शके. पाहुणासुद्धा लिही. कोण आजारी, कोण माथेरानला गेले, कुणाची परीक्षा कशी झाली, कोणते पुस्तक वाचले, सहलीला काय गंमत झाली. एकाने लिहावे, दुसऱ्याने वाचावे. आधी ही मंडळी गुजरातीत लिहीत, मग ठरवून उर्दूकडे वळली. या वह्या पिढ्यानपिढ्या चालल्या आणि आज इतिहासकार त्या मुंबईच्या समाजाचा आरसा म्हणून अभ्यासतात.

त्याच विस्तृत घराण्यातल्या अतिया फैजी १९०६ मध्ये अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या. तेथून त्या रोजच्या हकीकती लिहून बहिणींना पाठवीत. आपल्या कोकणाशीही त्यांचे नाते, कारण बहीण नाझली या जंजिऱ्याच्या बेगम. घरी आलेल्या त्या हकीकती लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या बायकांच्या मासिक-साप्ताहिकांतल्या अग्रगण्य पत्रात छापल्या गेल्या आणि १९२१ साली त्यांचे ‘जमाना-ए-तहसील’ हे पुस्तक झाले. गंमत अशी की अतियाबाईंना प्रकृतीमुळे ते शिक्षण पुरे न करताच परतावे लागले. प्रमाणपत्र हाती आले नाही. पण पडद्यात बसलेल्या किती मुलींनी त्या पानांवरून लंडनचे वर्ग, ग्रंथालये आणि धुके पाहिले असेल!

आणि याच गोतावळ्यात वाढलेला एक पोरका मुलगा. जन्म १८९६. वडील एक वर्षाचा असताना गेले, आई तीन वर्षांचा असताना. मामा अमीरुद्दीन तय्यबजींच्या घरी खेतवाडीत वाढला. अभ्यासात यथातथा. हाती छर्‍याची बंदूक. दहा-एक वर्षांचा असताना त्याने कागदावर एक टिपण केले. भोकात चिमणी अंडी उबवते, बाहेर खिळ्यावर चिमणा बसतो, आपण चिमण्याला मारले, थोड्याच वेळात चिमणीने दुसरा आणला, त्यालाही मारले, पुन्हा नवा आला. सात दिवसांत आठ. शिकारीची बढाई म्हणून लिहिलेले हे टिपण. कोणी लिहायला सांगितले नव्हते. साठ-एक वर्षांनी तेच टिपण पक्षिनिरीक्षकांच्या पत्रिकेत जसेच्या तसे छापले गेले, कारण पक्ष्यांच्या वागणुकीच्या शास्त्राला त्यात अर्थ सापडला. हा मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली.

त्यांचे मोठेपण तुम्हांला पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहे, पद्मविभूषण वगैरे. मला सांगावयाचे आहे ते निराळे. १९३० मध्ये जर्मनीत शिकून ते परत आले तेव्हा ते बेकार होते. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातली जागा गेलेली. खर्च परवडेना म्हणून पत्नीसह अलिबागजवळ किहीमला येऊन राहिले. पावसाळा होता आणि घराजवळ सुगरणींची घरटी होती. दुसरा असता तर कपाळाला हात लावून ओसरीवर बसला असता. ते शिडीवर बसून दिवसेंदिवस सुगरणी बघत राहिले आणि लिहीत राहिले. नर घरटे अर्धे बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तर ताबा घेते, मग तो ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याच्या उद्योगाला लागतो. सुगरणीचा संसार असा असतो हे नीट सांगितले ते त्या बेकारीतल्या टिपणांनी. ‘सुगरण’ हे नाव आपण मादीला दिले आहे, विणकाम नराचे! असो.

आमच्या पालकांपैकी पुष्कळांच्या घरी आज एखादा पदवीधर मुलगा व्हिसाची वाट पाहत ओसरीवर बसलेला आहे. त्याला वर्तमानपत्रातली थोरांची चरित्रे वाचून दाखवू नका. शिडी आणि वही द्या. निदान वही.

आता वर्गातला अनुभव सांगतो. पहिल्या दिवशी आठवीच्या चाळीस मुलांना मी म्हटले, रोज रात्री दहा ओळी लिहा. दुसऱ्या दिवशी चाळीस वह्या आल्या आणि चाळीसही वह्यांत एकच मजकूर. सकाळी उठलो, दात घासले, नमाज पढलो, चहा प्यालो, शाळेत आलो. शेवटी ‘मी खूप अभ्यास करून आईवडिलांचे नाव उज्ज्वल करीन.’ मी समजलो की मुलांनी माझ्यासाठी लिहिले आहे, स्वतःसाठी नाही. मास्तरला काय आवडते हे मुलांना मास्तरपेक्षा लवकर कळते.

मग मी तीन गोष्टी मना केल्या. दात घासणे मना. निश्चय मना. आणि ‘खूप’ हा शब्द मना. त्याऐवजी आज डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिहायची, आणि ज्याचे उत्तर माहीत नाही असा एक प्रश्न. भाषा कुठली, असे एका मुलीने विचारले. हा आपल्याकडे फार खरा प्रश्न आहे. घरी कोकणी बोली, मदरशात अरबी, कुणाची शाळा उर्दू तर कुणाची मराठी, आणि बापाची इच्छा इंग्रजीची. मुलाला पाच भाषा येतात आणि एकीतही मनातले लिहिता येत नाही. मी म्हटले, बहिणीशी भांडताना जी भाषा तोंडात येते तिच्यात लिही. व्याकरणाच्या चुका मी काढणार नाही. आमच्या मुख्याध्यापकांना हे पटले नाही, पण त्यांनी आडकाठी केली नाही, हे त्यांचे उपकार.

अकरा दिवस दात घासत राहिलेला एक मुलगा होता. वडील बंदरावर मासळीच्या लिलावात बोली लावीत. बाराव्या दिवशी त्याने लिहिले, ‘आज बांगडा कालपेक्षा स्वस्त गेला.’ खाली आकडा. मग रोज आकडा. मला वाटले, हा टाळाटाळ करतो आहे. पण मी बोललो नाही. श्रावणात त्याने लिहिले की बाजार थंड आहे, समोरच्या आळीतली गिऱ्हाइके श्रावण पाळतात, आणि त्याखाली त्याचा प्रश्न, ‘मासळी कमी आणि भावही कमी, असे कसे?’ दिवाळीपर्यंत त्याने प्रत्येक महिन्याची सरासरी काढून ठेवली होती. वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलीने. मंडळी, हा मुलगा सरासरीच्या प्रकरणात नापास झाला होता. मीच नापास केला होता. पुस्तकातली गाडी ताशी इतक्या मैलांनी कुठे जाते याच्याशी त्याला काही देणेघेणे नव्हते, बांगड्याशी होते. ती वही मी गणिताच्या सरांना नेऊन दाखवली. ते बराच वेळ पान बघत उभे राहिले.

इथपर्यंत ऐकून तुम्हांला वाटेल की मास्तरांनी मोठे काम केले. म्हणून पुढचे सांगणे भाग आहे. ते मी आजवर कुठल्या व्यासपीठावर सांगितलेले नाही.

शाळेत आम्ही भित्तिपत्रक लावीत असू. दर शनिवारी मुलांच्या वह्यांतले चांगले उतारे मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढीत असे आणि ते जिन्याजवळच्या फळ्यावर लागत. १९८६ सालची गोष्ट. आठवीतल्या एका मुलीची वही माझ्या हाती आली. तिचे वडील आखातात होते. तिने लिहिले होते की चार महिने अब्बांचे पैसे आलेले नाहीत, आणि अम्मी शेजारणींना सांगते की आले. सांगता यावे म्हणून अम्मी महिन्याच्या सुरुवातीला बुरखा घालून पोस्टात जाते आणि थोडा वेळ बसून परत येते. इतके खरे, इतके नेमके लेखन त्या वयाच्या पोरीचे मी पूर्वी वाचले नव्हते. मी हरखून गेलो. नाव न घालता मी तो उतारा भित्तिपत्रकात लावला. मला वाटले, नाव नाही म्हणजे झाले.

आपल्या वस्त्या केवढ्या! पोस्ट एक, आखातात गेलेले लोक मोजके, आणि आठवीत त्यांच्या मुली दोन. मधल्या सुट्टीत मुलांनी वाचले, संध्याकाळी मोहल्ल्याला कळले, आणि वाण्याने उधारी बंद केली ती सोमवारी.

मंगळवारी तिची आई शाळेच्या फाटकापाशी आली. आत आली नाही. मी बाहेर गेलो. ती रागावली नाही, रडलीही नाही. एवढेच म्हणाली, “सर, पोरीला लिवायला शिकवलंत, बरं केलंत. पन गावाला वाचायला का दिलंत?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. वाण्याकडे जाऊन मी माझ्या नावावर खाते घालायला सांगितले, ते तिने दोन दिवसांत बंद करविले. तेही बरोबरच होते.

मुलगी शाळा सोडून गेली नाही. मला तीच भीती होती. ती येत राहिली, वहीही रोज आणत राहिली. पण वहीत तारीख, आणि तारखेखाली, ‘सकाळी उठले, दात घासले.’ मार्चपर्यंत तेच. मी तिची माफी मागितली. ती “नाही सर, काही नाही” म्हणाली. मोठ्या माणसाने माफी मागितली की मुले असेच म्हणतात, त्याला माफ करणे म्हणत नाहीत.

काही जण मला विचारतील, ती आता कुठे असते? मला ठाऊक आहे. सांगणार नाही. एकदा सांगून झाले आहे. आजही मी तिच्या घरचे जे सांगितले त्यात एक-दोन गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत.

त्यानंतर वर्गात नियम झाला. पान मध्ये दुमडले की ते मास्तराने वाचायचे नाही. न दुमडलेले मास्तराने वाचावे, पण दुसऱ्याला दाखवायचे तर लिहिणाऱ्याला विचारून, आणि विचारल्यावर एक रात्र जाऊ देऊन. लगेच ‘हो’ म्हणणाऱ्या मुलाचे ‘हो’ मी धरीत नसे, कारण ते पुष्कळदा मास्तरसाठी असते. पहिल्या वर्षी निम्म्या वह्या दुमडलेल्याच येत. मी नुसती तारीख तपासून सही करीत असे. हळूहळू पाने उलगडू लागली. सगळी नव्हेत. शनिवारी ज्याला वाटेल त्याने उभे राहून आपले वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, टाळ्या नाहीत. एका मुलाने वाचले की आजीला आता तो ओळखू येत नाही. तास सुटल्यावर आणखी दोन मुले त्याच्याजवळ जाऊन उभी राहिलेली मी पाहिली. त्यांच्याही घरी तसेच होते, आणि तिघेही वर्षभर एका बाकावर बसत होते.

आता पालकांना हात जोडून सांगणे. मुलाची वही उघडू नका. तुम्ही म्हणाल, काही वेडेवाकडे लिहीत असेल तर? असेल. तुमच्या मनातले सगळे सरळ असते काय? वही चोरून वाचणाऱ्या बापाला मुलाचे मन कळत नाही, मुलगा दात घासू लागतो एवढेच होते. त्यापेक्षा तुम्ही स्वतः लिहा. ज्यांना लिहिता येत नाही अशा आयांनी पोरांना सांगून लिहवून घ्यावे. आखातात असलेल्या बापांनी तर जरूर लिहावे. हल्ली फोनवर रोज चेहरे दिसतात, तरी “जेवलास का, पैसे पोचले का” यापलीकडे बोलणे जात नाही, हे मी चार घरांत बसून ऐकले आहे. माझे अब्बाही घरी पत्र धाडीत तेव्हा ‘येथे सर्व खुशाल’ एवढेच लिहीत. कासमच्या पायाचे त्यांनी आम्हांला कधी कळवले नाही, लिव्हरपूलच्या थंडीचेही नाही. ते सगळे समासात.

मी स्वतः त्या खतावणीतली कोरी पाने वापरली. अब्बांचे रकाने जिथे संपतात त्याच्या पुढच्या पानापासून माझी वही सुरू होते. पहिल्या ओळीत काय लिहावे ते सुचेना, तेव्हा मी त्या दिवशीची तारीख घातली, खाली गावाचे नाव लिहिले, पाऊस आहे असे लिहिले, आणि मग त्यांना पत्र लिहिले. पोचणार नव्हते, तरी लिहिले. मॅट्रिकच्या वर्षी जेवढी लिहायची राहिली होती तेवढी सगळी त्या पावसाळ्यात लिहून काढली.

अध्यक्ष साहेब घड्याळाकडे पाहत आहेत आणि बिर्याणीचा वास मलाही येतो आहे. संस्थेने या वर्षी आठवीच्या प्रत्येक मुला-मुलीला एक वही देण्याचे ठरवले आहे. वह्या बाहेर पाण्याच्या पिंपाशेजारी टेबलावर ठेवल्या आहेत. मी त्यांच्यावर नावाची चिकटपट्टी लावू दिलेली नाही, ज्याला हवे त्याने आपले नाव घालावे, नको त्याने घालू नये. मुलींची रांग आधी. पेन ज्याने त्याने आपले आणावे. खुदा हाफिज.